बुजवण्याआधीची परीक्षा : भूस्रोत हीट पंप प्रशिक्षण तुकडीच्या नोंदी, कोल्हापूर

६ नोव्हेंबर २०२४

भाऊबीज उरकून आज शिवाजी उद्यमनगरातल्या शेडमध्ये पहिली बैठक झाली. शहराबाहेरच्या एका विद्यार्थी वसतिगृहात भूस्रोत हीट पंपाचा लहान संच बसवायचा आणि तो बसवता बसवता बारा जणांची तुकडी तयार करायची, असे काम ठरले आहे. संच हे निमित्त असून प्रशिक्षण आणि त्यानंतरची परीक्षा हेच खरे काम आहे, हे विश्वस्तांना मी आधीच सांगून ठेवले आहे. तुकडीत फ्रिज-एसीचे पाच मेकॅनिक, तीन प्लंबर, बोअरच्या रिगवर काम केलेले दोघे आणि यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतलेले दोन तरुण आहेत.

यंत्राची ओळख करून देताना मी फ्रिजचेच उदाहरण घेतले. फ्रिज आतली उष्णता उचलून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. इथे ती जाळी जमिनीत पुरलेली असते आणि गरजेप्रमाणे उष्णता तिच्यातून घेता येते किंवा तिच्यात सोडता येते. दहा-पंधरा मीटरच्या खाली उन्हाळा-हिवाळ्याचा फरक जवळपास पोचत नाही आणि तापमान त्या गावाच्या वार्षिक सरासरीच्या आसपास स्थिर राहते, एवढ्याच गोष्टीवर सगळी यंत्रणा उभी आहे. फ्रिजवाल्यांना हे पाच मिनिटांत पटले. रिगवाल्यांपैकी एकाने विचारले, "म्हणजे साहेब, बोअर मारायचा पन पानी काढायचं न्हाई?" बंद वळणाचा, म्हणजे पुरलेल्या पाइपात तेच पाणी फिरत ठेवणारा, जो संच आम्ही बसवणार आहोत, त्याचे वर्णन या एका वाक्यात पूर्ण होते.

१४ नोव्हेंबर २०२४

प्रमाणपत्राचा आराखडा लिहिण्यापूर्वी इतर देशांची व्यवस्था वाचून काढली. अमेरिकेत या विषयाची आंतरराष्ट्रीय संघटना १९८७ साली ओक्लाहोमा राज्य विद्यापीठात सुरू झाली आणि बसवणाऱ्यांसाठी अभ्यासक्रम व लेखी परीक्षा असे तिचे स्वरूप राहिले. युरोपीय संघाने २००९ च्या नवीकरणीय ऊर्जेसंबंधीच्या निर्देशात सदस्य देशांना ३१ डिसेंबर २०१२ पर्यंतची मुदत देऊन उथळ भूऔष्णिक यंत्रणा आणि हीट पंप बसवणाऱ्यांसाठी प्रमाणपत्राची किंवा समकक्ष पात्रतेची व्यवस्था करण्यास सांगितले. त्या निर्देशाच्या चौथ्या परिशिष्टातील दोन अटी मी वहीत अधोरेखित केल्या: प्रशिक्षण सैद्धांतिक आणि प्रात्यक्षिक अशा दोन्ही प्रकारचे असावे, आणि प्रमाणपत्राला मुदत असावी, म्हणजे उजळणीशिवाय ते पुढे चालू राहू नये. ब्रिटनमध्ये सूक्ष्म ऊर्जानिर्मितीच्या योजनेखालील प्रमाणपत्र कारागिराला मिळत नाही, काम घेणाऱ्या कंपनीला मिळते. जर्मनीत बोअर मारणाऱ्या कंपन्यांसाठी तर निराळेच प्रमाणपत्र आहे.

आपल्याकडे आयटीआयमध्ये प्रशीतन व वातानुकूलन यांत्रिकीचा दोन वर्षांचा ट्रेड आहे, प्लंबरचा आहे, वेल्डरचा आहे. भूस्रोत हीट पंपाचा स्वतंत्र ट्रेड नाही. त्यामुळे या कामाचे तीन तुकडे तीन वेगळ्या कारागिरांकडे जातात आणि त्या तुकड्यांमधल्या सांध्याची जबाबदारी कोणाचीच राहत नाही. यंत्र बिघडले तर उघडता येते. जमिनीखालचे वळण एकदा बुजवले की कधीच उघडता येत नाही. म्हणून आमच्या परीक्षेचा भर यंत्रावर नसावा, बुजवण्याआधीच्या कामावर असावा, असे माझे मत आज पक्के झाले.

२८ नोव्हेंबर २०२४

परदेशी पुस्तकांतील उदाहरणे इथे जशीच्या तशी शिकवली तर तुकडी चुकीचे शिकेल. त्या उदाहरणांत जमीन दहा-बारा अंशांची असते, घर तापवायचे असते आणि वळणातले पाणी गोठू नये म्हणून त्यात गोठणरोधक द्रव मिसळायचा असतो. कोल्हापुरात खालची जमीन पंचविसाच्या पुढे असणार, त्यामुळे गोठण्याचा प्रश्नच नाही आणि वळणात साधे स्वच्छ पाणी पुरते. मात्र एक वेगळा प्रश्न उभा राहतो. आपल्याकडच्या कार्यालयाला वर्षभर थंडावाच लागतो, म्हणजे ते वर्षभर जमिनीत उष्णता ओतत राहते. पाचच्या कार्यक्षमता-गुणांकाने, म्हणजे एक भाग विजेवर पाच भाग काम करत, चालणारे यंत्र १० किलोवॅट थंडावा देताना जमिनीत १२ किलोवॅट सोडते. चारच्या गुणांकाने १० किलोवॅट गरम पाणी करताना मात्र जमिनीतून ७.५ किलोवॅटच घेते. थंडावा आणि गरम पाणी समसमान असले तरी हिशेब जुळत नाही, कारण थंडावा देताना कॉम्प्रेसरची वीजही शेवटी उष्णता होऊन जमिनीत जाते. हे फळ्यावर मांडल्यावर पदविकाधारकांपैकी एकाने, दहा वर्षांत बोअरभोवतीचा खडक तापून बसेल का, असे विचारले. फक्त थंडाव्याच्या इमारतीत नेमके तेच होते.

वसतिगृह यासाठीच निवडले. ८० मुलांना माणशी ४० लिटर गरम पाणी धरले, तर रोजचे ३,२०० लिटर पाणी २४ वरून ५० अंशांवर न्यायला सुमारे ९७ युनिट उष्णता लागते. गीझरने ती तेवढ्याच विजेची पडते. चारच्या गुणांकाने हीट पंपाला २४ युनिट वीज पुरते आणि उरलेली सुमारे ७३ युनिट जमिनीतून येते. उन्हाळ्यात अभ्यासिका थंड करताना त्यातली काही उष्णता परत जाईल.

तुकडीला हेही स्पष्ट सांगितले की कोल्हापूरच्या कोरड्या एप्रिलमध्ये पाण्याची वाफ होऊ देऊन गारवा मिळवणारा साधा कूलिंग टॉवरही जमिनीइतकेच थंड पाणी देऊ शकतो आणि तो कितीतरी स्वस्त पडतो. ज्या ग्राहकाला फक्त एसी हवा आहे आणि पाण्याची टंचाई नाही, त्याला बोअर मारायला लावणे हा चांगला सल्ला नव्हे. लेखी परीक्षेत यावर एक प्रश्न असेल आणि त्याचे बरोबर उत्तर "हे काम घेऊ नये" असे असेल.

१२ डिसेंबर २०२४

एचडीपीई, म्हणजे काळ्या प्लास्टिकचे, पाइप तोंडे वितळवून जोडण्याचे प्रात्यक्षिक सुरू झाले. या कामात आपण कोणाच्या मागे नाही अशी तुकडीची समजूत होती आणि ती अगदीच निराधार नव्हती, कारण नदीकाठच्या उपसा सिंचनामुळे या जिल्ह्यात असे पाइप जोडणारे हात भरपूर आहेत. प्लंबरांपैकी सर्वांत वयस्क मिस्त्री वीस वर्षे हेच करत आले आहेत. पाइपांची तोंडे वितळवणारा तवा तापला की नाही हे ते हातानेच ओळखतात, आणि शेतातल्या पाइपलाइनला ते चालून जाते, कारण तिथे सांधा गळला तर चिखल दिसतो आणि चर उकरून तो पुन्हा जोडता येतो.

बोअरमधले पाइप यंत्रापर्यंत नेणाऱ्या ६३ मिलिमीटरच्या हेडर पाइपवर प्रत्येकाने दोन असे चोवीस सांधे केले. प्रत्येक सांध्यातून उभ्या पट्ट्या कापल्या आणि उद्यमनगरातच बनवून घेतलेल्या साच्यात टोकाला टोक लागेपर्यंत वाकवल्या. नऊ सांधे उघडले. त्यांपैकी चार मिस्त्रींच्या शेजारच्या टेबलावरचे होते आणि दोन खुद्द मिस्त्रींचे होते. उघडलेल्या सांध्याचे तोंड गुळगुळीत, जवळजवळ चकचकीत होते, म्हणजे प्लास्टिक एकमेकांत वितळलेच नव्हते, नुसते चिकटले होते. बाहेरून दिसणारी कड मात्र सुबक, दुहेरी आणि गोल होती. मी तो तुकडा सगळ्यांच्या हातातून फिरवला, कारण नुसत्या नजरेने पास करण्याची पद्धत आपल्याकडे फार खोल रुजलेली आहे.

कारणे शोधली तेव्हा तीन निघाली. तव्याचे तापमान कोणी मोजत नव्हते. ते २०० ते २३० अंशांच्या पट्ट्यात हवे असताना काहींचे १८० च्या खाली होते. तवा काढल्यापासून पाइप भिडवेपर्यंत काही जण रमतगमत काम करत होते, तेवढ्यात वितळलेल्या तोंडावर साय धरत होती. आणि सांधा थंड होण्यापूर्वीच शिकंजा सैल केला जात होता. आता प्रत्येक तव्याजवळ तापमापक आणि भिंतीवर सेकंदकाट्याचे घड्याळ ठेवले आहे. मिस्त्री थोडे नाराज दिसले. "वीस वर्सांत कुनी माझा सांदा कापला न्हवता," एवढेच ते म्हणाले.

२० डिसेंबर २०२४

प्रशीतनाचा भाग दोन दिवसांत आटोपला. यंत्र कारखान्यातून बंद होऊन येते, त्यामुळे तांब्याच्या नळ्यांचे काम थोडेच असते. तरीही नळीत नायट्रोजन वाहता ठेवून ब्रेझिंग (तांब्याचे झाळकाम), निर्वात करणे आणि गळती शोधणे सर्वांकडून करून घेतले. आर-३२ हा यंत्रातला शीतक वायू सौम्य ज्वलनशील आहे, एवढी सूचना प्लंबरांसाठी आवश्यक होती. फ्रिजवाले या दोन दिवसांत शिक्षक झाले होते.

७ जानेवारी २०२५

बोअरच्या परवानगीचा विषय. महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ मध्ये ६० मीटर किंवा त्याहून अधिक खोलीच्या विहिरीला खोल विहीर म्हटले आहे आणि रिग मालकांच्या नोंदणीचीही तरतूद आहे. आमचा बोअर पाणी उपसत नाही, हे खरे. पण वेगवेगळ्या थरांना भोक पाडतो, हेही तितकेच खरे. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या कार्यालयात लेखी माहिती दिली आणि एका खोल बोअरऐवजी १९० फुटांचे, म्हणजे ५८ मीटरचे, दोन बोअर घेण्याचे ठरवले. पत्र लिहिण्याचे काम मी मुद्दाम तुकडीवर सोपवले होते. नऊ जणांनी पत्रात "बोअरवेल" लिहिले, जे चूक आहे.

१६ जानेवारी २०२५

उन्हाळ्याचा हंगाम सुरू झाला की रिग मिळत नाहीत, म्हणून संक्रांत झाल्याबरोबर काम काढले. रिग तमिळनाडूतील तिरुचेंगोडची होती, जशा आपल्याकडच्या पुष्कळ असतात, आणि चालकाशी संभाषण फूट, केसिंग आणि हातवारे एवढ्यावर झाले. वरचा मुरूम संपेपर्यंत २५ फूट केसिंग उतरवले. पुढे बसाल्ट उघडाच उभा राहतो. दहा-दहा फुटांवर वर येणारा चुरा वेगळ्या पिशवीत भरून त्यावर खोली लिहायची, हे काम रिगवरच्या आमच्या दोघांकडे होते. एकोणीस पिशव्या रांगेने मांडल्यावर काळा कठीण पाषाण, पांढऱ्या ठिपक्यांचा सच्छिद्र खडक आणि ११० फुटांच्या सुमारास विटकरी रंगाचा लाल थर असे लाव्हाचे टप्पे उघड दिसले. लाल थराजवळ पाण्याचा झरा लागला. रिगच्या चालकाने अभिनंदनाची खूण केली आणि आमच्या लोकांनी कपाळाला हात लावला.

१७ जानेवारी २०२५

आजची नोंद लांबणार आहे.

यू-पाइप, म्हणजे तळाशी वळून परत वर येणारा पाइप, पाण्याने भरून, दाबाची चाचणी घेऊनच आत सोडला; रिकामा पाइप पाण्याने भरलेल्या बोअरमध्ये तरंगतो आणि खाली जात नाही. चाचणीत ६ बारचा दाब पहिल्या अर्ध्या तासात ५.५ वर आला तेव्हा दोघांनी गळती जाहीर केली. हे प्लास्टिक दाबाखाली किंचित फुगते आणि सुरुवातीची घट त्यामुळेच होते. दाब पुन्हा भरून पुढच्या तासातली घट पाहायची असते. दुसऱ्या तासात काटा हलला नाही.

मग ग्राउट. बोअरची भिंत आणि पाइप यांच्यामधली जागा बुडापासून वर भरत आणायची असते, त्यासाठी एक जास्तीचा पाइप तळापर्यंत सोडून त्यातून मिश्रण ढकलायचे आणि पातळी वाढेल तसा तो वर ओढायचा. "शेवटी बुजवायचंच हाय तर वरनं वतलं म्हणून काय बिगाडतंय?" हा प्रश्न येणार हे माहीत होते. म्हणून मागच्या आठवड्यात शेडमध्ये तीन मीटरची पारदर्शक नळी उभी केली होती. त्यात पाणी आणि पाइपचा तुकडा ठेवून मिश्रण वरून ओतले, तेव्हा पाइपाच्या मागे पाण्याचे दोन मोठे कप्पे अडकून राहिले. उष्णतावाहकतेत बेंटोनाइट (पाण्यात फुगणारी माती) आणि वाळूचे चांगले मिश्रण पाण्याच्या दुप्पट-तिप्पट असू शकते आणि हवा तर जवळजवळ पांघरूणच आहे. पण मुख्य कारण उष्णतेचे नाही. मोकळा राहिलेला बोअर म्हणजे वरच्या मुरमातले सांडपाणी खालच्या झऱ्यात नेणारी उभी गटार असते, आणि तो झरा शेजारच्या वस्तीच्या पिण्याच्या बोअरला पुरवठा करत असतो.

जर्मनीतील श्टाउफेन गावाचे उदाहरण इथे सांगितले. २००७ साली तेथील नगरभवनासाठी सात भूऔष्णिक बोअर मारले. त्यांतून दाबाखालचे भूजल निर्जल जिप्समच्या थरापर्यंत पोचले, तो थर पाणी पिऊन फुगू लागला आणि गाव उचलले जाऊन दोनशेहून अधिक इमारतींना तडे गेले. आपल्या बसाल्टमध्ये तसा थर नाही. दोन थर जोडले जाण्याची चूक मात्र इथेही तीच आहे.

एक गोष्ट इथे लिहून ठेवण्यासारखी आहे. बेंटोनाइट आणि सिलिका वाळू हे शब्द ऐकून पदविकाधारकांपैकी एक जण हसला, कारण त्याचे वडील शिरोलीच्या एका फाउंड्रीत साचे बनवतात आणि त्यांच्या घरात हे शब्द रोजचे आहेत. साच्यातले मिश्रण दमट असते आणि आमचे वाहते हवे, एवढा फरक. ज्या शहरात ओतकाम आहे, त्या शहरात ग्राउट शिकवायला परदेशातून माणूस आणण्याची गरज नाही.

सहा इंची बोअरचा हिशेब तुकडीने आदल्या दिवशी केला होता: पाइपांची जागा वजा जाता सुमारे ९६० लिटर. पहिल्या बोअरमध्ये १,२४० लिटर गेले, कारण लाल थराजवळच्या फटीने जास्तीचे गिळले. मिश्रण कमी पडले, दुसरा घाणा तयार होईपर्यंत पाऊण तास गेला आणि तोवर पातळी अकरा फूट खाली बसली होती. ही चूक माझी. झरा लागल्याचे काल डोळ्यांनी पाहूनही मी साठा वाढवला नाही. यापुढे हिशेबाच्या दीडपट साहित्य जागेवर असल्याशिवाय ग्राउट सुरू करायचे नाही, असा नियम अभ्यासक्रमात घातला आहे.

२ फेब्रुवारी २०२५

औष्णिक प्रतिसाद चाचणी फसली. बोअरमध्ये पाणी फिरवून त्याला ठरावीक उष्णता देत राहायची आणि तापमान कसे चढते ते किमान ३६ ते ४८ तास नोंदवायचे, अशी ही चाचणी आहे. सुरुवातीचे, म्हणजे जमिनीचे मूळ तापमान २६.८ अंश मिळाले. एकोणिसाव्या तासाला वीज गेली आणि सव्वादोन तासांनी आली. तेवढ्यात आलेखाचा उतार मोडला. लगेच पुन्हा सुरू करता येत नाही, कारण तापलेला खडक मूळ तापमानावर यायला दहा-बारा दिवस लागतात.

वीज गेली नसती तरी आलेख संशयास्पद होता. रात्री विजेचा दाब (व्होल्टेज) चढतो, संध्याकाळी पडतो. दाब पाच टक्के पडला तर हीटरची उष्णता जवळपास दहा टक्के पडते, कारण ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. परदेशी पुस्तकात हा मुद्दा एका ओळीत येतो. आमच्या अभ्यासक्रमात त्याला अर्धा दिवस दिला आहे.

१६ फेब्रुवारी २०२५

जनरेटर आणि स्टॅबिलायझर लावून दुसरी चाचणी पूर्ण झाली. ३ किलोवॅट उष्णता ५८ मीटरवर, म्हणजे मीटरला ५१.७ वॅट. बाराव्या तासापासून अठ्ठेचाळिसाव्या तासापर्यंत तापमान ३.० अंशांनी चढले आणि त्यावरून खडकाची उष्णतावाहकता मीटर-अंशाला १.९ वॅट निघाली. बसाल्टसाठी पुस्तकांत साधारण १.३ ते २.३ असा पट्टा असतो, त्यामुळे उत्तर विश्वासार्ह आहे. रात्रपाळीच्या नोंदी फ्रिजवाल्यांनी घेतल्या आणि एकही रकाना रिकामा नव्हता.

६ मार्च २०२५

चर, हेडर, वाळूचा थर, इशारा-पट्टी. वळणातली हवा काढण्यासाठी पाण्याचा वेग सेकंदाला किमान ०.६ मीटर हवा, आमच्या ३२ मिलिमीटरच्या पाइपात तो मिनिटाला सुमारे २० लिटरने मिळतो. पंप लहान पडला, मोठा भाड्याने आणला.

२४ मार्च २०२५

एका पुरवठादाराचा प्रतिनिधी भेटून गेला. एका दिवसाचे शिबिर घ्यावे, उपस्थित सर्वांना त्यांच्या शिक्क्याचे प्रमाणपत्र द्यावे आणि खर्च ते करतील, असा प्रस्ताव होता. चहा देऊन नकार दिला. कारागिराच्या भिंतीवर टांगलेले असे कागद मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांतून माणूस त्या दिवशी खुर्चीवर बसला होता एवढेच सिद्ध होते.

आमच्या कागदाला काय म्हणावे यावर तुकडीतच वाद झाला. मान्यताप्राप्त संस्थेचे पाठबळ नसताना "प्रमाणपत्र" हा शब्द वापरणे मला योग्य वाटत नाही. शेवटी "कौशल्य-चाचणी नोंदपत्र" हे नाव ठरले. ते तीन वेगळ्या भागांत असेल: बोअर व ग्राउट, पाइपजोडणी व दाबचाचणी, यंत्रकक्ष व चाचपणी. ज्याने जो भाग पार केला त्याचीच नोंद होईल आणि दोन वर्षांनी पुन्हा सांधा कापून दाखवावा लागेल. तरुणांना एकच मोठा कागद हवा होता. लग्नाच्या बोलणीत तो उपयोगी पडतो, असे एकाने प्रामाणिकपणे सांगितले.

५ एप्रिल २०२५

पाडव्यानंतरच्या आठवड्यात परीक्षा घेतली. प्रात्यक्षिकात प्रत्येकाने तीन सांधे करायचे, त्यांतला कोणता कापायचा हे परीक्षक ठरवणार. परीक्षक म्हणून तुकडीला न शिकवलेला माणूस हवा होता, म्हणून एका तंत्रनिकेतनातील निवृत्त अध्यापकांना बोलावले. पाइपजोडणीत बारापैकी सात जण पास झाले, ग्राउटमध्ये सहा, यंत्रकक्षात नऊ. तिन्ही भाग चौघांनी पार केले. ग्राउटच्या तोंडी परीक्षेत सर्वांत चांगली उत्तरे रिगवरच्या त्या माणसाने दिली, ज्याने पहिल्या दिवशी पाण्याचा प्रश्न विचारला होता. लेखी भागात मात्र त्याला वेळ पुरला नाही. पुढच्या तुकडीपासून तो भाग तोंडी घेण्याचा पर्याय ठेवणार आहे.

मिस्त्रींचा पहिला सांधा पट्टी वाकवताना कडेला उघडला. त्यांनी परीक्षकांकडे दुसरी संधी मागितली नाही, तो तुकडा मात्र मागून घेतला.

१९ एप्रिल २०२५

पुनर्चाचणी. मिस्त्री घरचा तापमापक घेऊन आले होते. त्यांचे तिन्ही सांधे कापायला लावले, त्यांच्याच आग्रहावरून, आणि तिन्हींच्या पट्ट्या शाबूत राहिल्या.

दोन्ही बोअरची जागा इमारतीच्या दोन कोपऱ्यांपासून मोजून नकाशा काढला आणि तो पत्र्याच्या चौकटीत पंपखोलीच्या भिंतीवर स्क्रूने बसवला. काम चालू असतानाच रखवालदार नेमक्या हेडरच्या चरावर कुदळ घेऊन उभा होता, कारण विश्वस्तांनी तिथे नारळ लावायला सांगितला होता. नारळ आता कुंपणाजवळ, हेडरपासून वीस फुटांवर लावला आहे, आणि त्याचीही खूण नकाशावर केली आहे.